लेन्सची वाटणी

३ मार्च

भांडायला समोर कोणी नाही म्हणून वही काढली. नवरा झोपलाय, आणि जिच्याशी भांडायचं ती फोन उचलत नाही.

बारकी आज स्टुडिओत आली आणि तिनं तिच्या वाट्याच्या तीन लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी विकल्याचं सांगितलं. विकणार आहे असं नाही. विकल्या. मी तेव्हा एका गृहस्थांचा ओळखपत्राचा फोटो काढत होते. त्यांना म्हणत होते, हनुवटी जरा खाली घ्या, आणि माझीच खाली आली.

"वाट्याच्या?" मी म्हटलं. "आपली वाटणी कधी झाली?"

"अगं ताई, ज्या मी घेतल्या होत्या त्या."

ते गृहस्थ स्टुलावर ताठ बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांचा फोटो घाबरलेला आलाय. तसाच दिला.

बारकी माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. चौदाची असताना मी तिला पहिल्यांदा डोंगरात नेलं, पिशवी उचलायला. तेव्हापासून वीस वर्षं आमची पिशवी एकच. दोन सारख्या बॉड्या, पाच लेन्स, कुठलीही लेन्स कुठल्याही बॉडीला बसणार. अंधारात मी नुसता हात मागे करायचा, ती हवी ती लेन्स हातात ठेवायची. तिनं हात केला की मी. बोलावं लागत नाही. आता बाईसाहेबांनी दुसऱ्या कंपनीचा बिनआरशाचा कॅमेरा ठरवलाय. त्याच्या लेन्स माझ्या कॅमेऱ्याला बसत नाहीत, माझ्या त्याला बसत नाहीत. आणि विकलेल्या तिनांत रात्रीच्या आकाशाची ती एकुलती एक रुंद लेन्सही गेली.

रात्रीच्या डोंगरांच्या फोटोंचं पुस्तक मेच्या मध्यावर छपाईला जायचंय. आतले बासष्ट फोटो तयार आहेत. मुखपृष्ठ नाही. मुखपृष्ठाला खिंडच पाहिजे, तिच्या बेचक्यात आकाशगंगेचा जाड पट्टा उभा. तीन वर्षं जातोय. एकदा ढग, एकदा धुकं, एकदा दोर कमी पडला. आता एप्रिलची अमावास्या एवढीच उरली. आणि ही लेन्स विकते.

४ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. हा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोक त्याच्यापुढे तोंड उघडून बसतात पण बोलत कोणीच नाही, त्यामुळे घरी कोणी इतकं बोललं की तो बिचकतो.

"विकल्याचा राग आहे की न विचारल्याचा?"

"दोन्ही."

"मग का विकल्या ते विचारलंस?"

"वजन म्हणाली. आणि अंधारात पडद्यावर तारे दिसतात म्हणे. आणि आरशाच्या कॅमेऱ्यांचे दिवस गेले म्हणे."

"वजन," तो म्हणाला, आणि दिवा बंद करायला उठला. त्याच्या दवाखान्यातही तो असाच एक शब्द बोलतो आणि माणूस रात्रभर काळजी करत बसतो.

९ मार्च

बारकीबरोबर दुकानात गेले. ती नको म्हणत होती. दुकानदार जुना, आम्हा दोघींना ओळखणारा. त्यानं काउंटरवर मऊ कापड अंथरलं, वर नवी बॉडी ठेवली, आणि तीर्थ द्यावं तसा हात पुढे करून मला घ्यायला लावली. हलकी आहे. ते मान्य.

बारकीचा कॅमेरा तयार होता. ती कोपऱ्यात उभी राहून त्यात एक एक अक्षर निवडत काहीतरी भरत होती.

"काय भरतेस?"

"काही नाही. तारीख वगैरे."

तारखेला एवढी अक्षरं कशाला ते मला कळलं नाही.

मग मी निर्णय घेतला. तिथेच. माझंही सगळं जुनं देऊन टाकायचं आणि अगदी हाच कॅमेरा घ्यायचा. पिशवी एक राहिली पाहिजे, कुठल्या कंपनीची का असेना. दुकानदार खूश. मला वाटलं बारकी उडी मारेल. पाहुणे गेले म्हणून दार लावायला जावं आणि ते जिन्यावरून परत वर येताना दिसावेत, तसा तिचा चेहरा झाला.

"तुला कशाला, ताई? तुझं जुनं चांगलं चाललंय की."

"तुझ्यामुळेच घेतेय," मी म्हटलं. आणि ते खरंच आहे. एवढा त्याग करायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं.

१० मार्च

जुन्या बॉडीच्या मुठीवरचं रबर माझ्या अंगठ्यानं झिजलेलं होतं. दुकानदारानं तो भाग बघितला आणि तोंड वाकडं केलं. त्याला काय कळतंय.

२२ मार्च

या कॅमेऱ्यात सगळं उलटं आहे. लेन्स बसवायला उजवीकडे फिरवायची सवय, तर ही डावीकडे फिरते. फोकसची कडीही उलटी. दूरचं स्पष्ट करायला गेले की जवळचं स्पष्ट होतं. वीस वर्षं हाताला शिकवलं, आता हातालाच खोटं पाडायचं.

बारकी म्हणाली, "रविवारी येते, तासाभरात सगळं दाखवते."

मी म्हटलं, नको. जिला मी रोज ओरडून सांगायचे की लेन्सचं झाकण काढ आधी, ती मला तासाभरात दाखवणार!

१४ एप्रिल

गच्चीवर सराव केला. शहराच्या उजेडात सात तारे दिसतात, त्यातला एक विमान निघाला.

बारकीचा लांबलचक निरोप आला, नव्या कॅमेऱ्याबद्दल आठ सूचना. पहिली वाचली, "ताई, आधी राग सोडून हे वाच." पुढचं वाचलं नाही.

संपादकाचा फोन. मुखपृष्ठावर माझं नाव किती मोठं घ्यायचं याचे तीन नमुने केलेत म्हणे. आत शेवटच्या पानावर 'सहकार्य' म्हणून बारकीचं नाव आहे, ते मी आधीच सांगून ठेवलंय. विसरलेले नाही.

२६ एप्रिल, खिंडीखालचा निवारा

लाकडी फळ्यांची खोली, आठ माणसांची, आम्ही दोघीच. पत्र्याच्या शेगडीवर मोजे वाळताहेत.

कड्याच्या अरुंद पट्टीवर बारकी पुढे गेली. दोराचं काम तिचंच. आठवड्याचे पाच दिवस ती लोकांना सरावाच्या भिंतीवर चढायला शिकवते, त्यामुळे आवाज मास्तरणीचा झालाय. "डावा पाय. डावा, ताई. तो उजवा." वर पोचल्यावर मी म्हटलं, डोंगरात तुझं ऐकते, कॅमेऱ्यात माझं ऐक.

"ऐकतेच आहे की वीस वर्षं," ती म्हणाली आणि दोर गुंडाळायला लागली. दोर इतका घट्ट गुंडाळला की उद्या सोडवताना तिचीच नखं जाणार आहेत.

आभाळ मात्र धुतल्यासारखं आहे.

२८ एप्रिल

कालच्या रात्रीचं लिहिते. बोटं अजून नीट वळत नाहीत.

आकाश मिळालं! तीन वर्षांनी मिळालं. दोनच्या सुमाराला आकाशगंगा बेचक्यात बरोबर उभी राहिली, धुरासारखी नाही, चांगली जाड, गाठी दिसाव्यात अशी. मी वरच्या खडकावर, बारकी माझ्यामागे चाळीसेक पावलं खाली.

संधिप्रकाशात पहिला ठळक तारा दिसला तेव्हाच मी फोकस लावून कडीवर चिकटपट्टी मारली होती, नेहमीसारखी, म्हणजे अंधारात हाताचा धक्का लागला तरी कडी हलत नाही. मग थंडीनं बॅटरी उतरू नये म्हणून कॅमेरा बंद केला. दोनला चालू केला. पट्टी जागच्या जागी.

खालून बारकी ओरडली, "ताई, मधे बंद केला होतास का कॅमेरा?"

"तू तुझं बघ!"

थोड्या वेळानं ती वर आली. कपाळावरचा दिवा हातानं झाकून शेजारी उभी राहिली. "एकदा पडद्यावर तारा मोठा करून बघ ना."

"बारके, हे मी तुला शिकवलंय."

ती मग "बरं" म्हणाली आणि खाली गेली. दोन तासांत मी एकशे दहा फोटो काढले. उतरताना तिनं तिचं कार्ड लगेच दिलं नाही. "मी घरी कॉपी करून देते," म्हणाली. वीस वर्षांत असं झालेलं नाही. दोन्ही कार्डं माझ्याकडे येतात, माझ्या संगणकावर एकाच फोल्डरमध्ये उतरतात, मी क्रमांक घालते. मी हात पुढे करून तशीच उभी राहिले. शेवटी दिलं.

३० एप्रिल

एकशे दहाच्या एकशे दहा गेले.

तारे नाहीतच. नवऱ्यानं मागून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "हे माझ्याकडचे कापसाचे बोळे इथे कसे आले?" मी त्याला खोलीबाहेर काढलं.

कारण कळलंय, आणि कळल्यामुळे जास्त संताप होतोय. जुन्या लेन्समध्ये कडी फिरवली की काचच सरकायची, म्हणून पट्टी मारली की काम संपलं. या नव्या लेन्सची कडी काचेला जोडलेलीच नाही. ती आतल्या मोटरला नुसता निरोप देते. कॅमेरा बंद करून चालू केला की मोटर काच भलतीकडे नेऊन ठेवते, आणि पट्टी बाहेर इमानदारीत कडी धरून बसलेली असते. मी रात्रभर एका शोभेच्या कडीला पट्टी मारून बसले होते.

बारकीचे आठ मुद्दे आता वाचले. तिसऱ्यात हेच आहे.

तिनं सांगायला हवं होतं. सांगितलं म्हणे दोनदा. असं सांगतात? ओढून बाजूला करायचं होतं मला, कड्यावर करते तसं.

तिचं कार्ड उघडलं. बावीस फोटो, बावीसच्या बावीस लख्ख. अकरावा मुखपृष्ठाचाच. खिंड, वर ती सगळी गंगा, आणि फोटोच्या तळाशी खडकावर कॅमेऱ्यावर वाकलेली एक काळी आकृती, कपाळावर दिव्याचा ठिपका. ती मी आहे.

फाइलचा तपशील उघडला तर तिथे छायाचित्रकार म्हणून बारकीचं पूर्ण नाव. प्रत्येक फाइलमध्ये. म्हणजे दुकानात ती तारीख भरत नव्हती. जुन्या दोन्ही बॉड्यांत मी माझंच नाव भरून ठेवलं होतं, हरवल्या तर परत मिळाव्यात म्हणून. त्यात तिला एवढं काय वाटायचं होतं? बोलायचं तरी. कंपनीच बदलायची?

२ मे

अकरावा फोटो संपादकाला पाठवला. फाइलमधलं नाव बदलून माझं घातलं. दोन मिनिटांचं काम. पुस्तकभर एक नाव आहे, मुखपृष्ठावर दुसरं कसं चालेल? नेहमी असंच करत आलोय.

संपादकाचा लगेच फोन, आवाज चिरकलेला. "अहो, काय फोटो आहे! आणि ती खाली कोण उभी आहे?"

"माझी बहीण," मी म्हटलं. मी स्वतः आहे म्हटलं असतं तर फोटो कोणी काढला ते विचारलं असतं त्यानं. पटकन तोंडातून निघालं.

३ मे

लिहिण्यासारखं काही नाही. सकाळपासून ओळखपत्राचे नऊ फोटो. सगळ्यांना सांगितलं, हसू नका.

९ मे

मुखपृष्ठाचा नमुना आला. मागच्या घडीवर बारीक अक्षरात छापलंय, 'मुखपृष्ठावर: छायाचित्रकाराची धाकटी बहीण, अनेक मोहिमांतली सोबतीण.'

नवऱ्यानं चष्मा लावून आधी ओळ वाचली, मग फोटो बघितला. "बारकी एवढी उंच कधी झाली गं?"

मी नमुना त्याच्या हातातून काढून घेतला.

"आणि ही वाकून उभी राहायची पद्धत," तो म्हणाला, "रोज बेसिनपाशी बघतो मी."

संपादकानं एक प्रत बारकीलाही पाठवली होती, कोणी सांगितलं होतं त्याला? संध्याकाळी तिचा फोन आला. मी तयारीत होते. वीस वर्षांत तुला काय काय दिलं याची यादी डोक्यात पक्की होती.

"छान आलंय, ताई," ती म्हणाली. बस. मग नवऱ्याच्या पाठदुखीचं विचारलं आणि फोन ठेवला.

भांडली असती तर बरं झालं असतं. मला सगळी यादी गिळावी लागली, आणि ती पोटात नीट बसत नाहीय.

११ मे

ठरवलंय. कागदावर सिद्ध करायचं. आतल्या बासष्टपैकी बारकीचे किती? माझ्या अंदाजानं दहा-बारा. एकदा आकडा समोर ठेवला की तिचंही तोंड बंद आणि नवऱ्याचंही.

पण ओळखायचे कसे? बॉड्या सारख्या, लेन्स सारख्या, नाव माझं. दुपारी स्टुडिओ बंद ठेवला, बासष्टच्या बासष्ट छापून जमिनीवर मांडले आणि मधे बसले. तासाभरानं दिसलं. बारकीला ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडायचा आळस. म्हणजे आळस नाही, पूर्ण उघडला तर तिचा डोळा पोचत नाही. तिच्या फोटोत समोरचा दगड मोठा असतो, गवत अंगावर येतं, क्षितिज खाली दबलेलं असतं. माझे वरून बघितलेले असतात. शंभरदा सांगितलंय तिला, पाय उघड, दगडावर उभी राहा. आळशी कार्टी.

दोन ढीग केले.

पुन्हा केले.

१२ मे

तिसऱ्यांदाही तेच. पस्तीस खालचे, सत्तावीस वरचे.

मासिकानं दोन पानांवर छापला होता तो खालचा. त्या मोठ्या प्रदर्शनात दारासमोर लावला होता तो खालचा. त्याच्यापुढे उभी राहून मी तासभर लोकांना सांगितलं होतं की हा कसा सुचला. बारकी तेव्हा लोकांचे कोट सांभाळत होती.

संपादकाला फोन केला. दोन नावं घाला म्हटलं, सारख्या आकारात, आणि प्रत्येक फोटोखाली ज्याचं त्याचं. मागच्या घडीवरची ओळ खोटी आहे, ती आकृती माझी आहे, फोटो बहिणीचा आहे.

"अहो, परवा छपाई! तुम्ही आता हे—"

"मग तेरवा करा."

"पण आधी तुम्हीच तर म्हणाला होतात की—"

"मी खोटं बोलले होते. लिहून घेताय ना? की तेही पाठवू?"

त्याच्यावर इतकी ओरडले की बाहेर बसलेलं गिऱ्हाईक उठून गेलं. रात्री यादी केली, क्रमांक आणि पुढे नाव, आणि दोघांना पाठवली, त्याला आणि बारकीला. तिला पाठवताना वर काहीतरी लिहावं म्हणून अर्धा तास बसले. काही न लिहिता पाठवली.

१६ मे

चार दिवस बारकीचा पत्ता नाही. आज स्टुडिओत आली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि घडी घातलेली यादी काढली.

"यात चूक आहे."

मला वाटलं होतंच. वीस वर्षांनी एकदा काही द्यावं तर त्यातही चूक.

"तेवीस नंबर तुझा आहे," ती म्हणाली. "माझा नाही."

"तो खालून काढलाय. गवत बघ."

"मला ताप होता त्या रात्री. मी तंबूत होते. तू मला एकटीला सोडून वर जायला तयार नव्हतीस, म्हणून तंबूच्या दारातच बसून काढलास. ट्रायपॉड वर केला असता तर उठावं लागलं असतं तुला." ती यादीकडे बघत होती. "एक हात माझ्या कपाळावर होता तुझा. रिमोट दुसऱ्या हातात. मी मोजत होते, दर वीस सेकंदांनी खट्ट."

मला यातलं काहीही आठवत नाही. तसंच सांगितलं.

"मला आठवतंय ना," ती म्हणाली.

मग मी विचारलं. बरेच दिवस विचारायचं होतं, पण आवाज चढलाच. "बोलली का नाहीस कधी? तोंड नव्हतं? सरळ म्हणायचं, ताई, माझं नाव घाल. त्यासाठी लेन्स विकायच्या?"

"म्हटलं होतं. प्रदर्शनाच्या वेळी. तू म्हणालीस, आपल्यात काय तुझं-माझं."

हे मात्र मला आठवलं. अगदी याच शब्दांत.

ती उठली. स्टूल पुन्हा जमिनीवरच्या खुणेवर सरकवून ठेवलं, मी शिकवल्यासारखं. "सव्वीसला वर जातेय. पलीकडच्या कड्यावर."

"आणि दोर कोण धरणार?"

"ताई, दुसरी माणसं आहेत गं."

चलतेस का, असं तिनं विचारलं नाही. मीही येऊ का, असं म्हटलं नाही. बॅटऱ्या अंगाजवळ ठेव, एवढं म्हटलं. ती "हो" म्हणाली, आणि जिन्यावरून खाली जाताना तिनं कोणाला तरी फोन लावलेला ऐकू आला. हसत होती.

यादीत तेवीस नंबर बदलला. आता चौतीस तिचे, अठ्ठावीस माझे.

१८ मे

सुधारलेला नमुना आला. दोन नावं, एकाच आकारात. पण माझं वर आणि तिचं खाली. संपादकाला विचारलं तर म्हणतो, वयाचा मान राखला.

वयाचा कसला मान? पुस्तकात फोटो कोणाचे जास्त आहेत ते मोजता येत नाही याला? अकारविल्हे लावलं तरी तिचं नाव आधी येतं. पुढे ढकललेली छपाई उद्या दुपारी सुरू होणार आहे. सकाळी आठला त्याच्या दारात उभी राहणार आहे. नवरा म्हणतो फोन कर. फोनवर हा माणूस ऐकत नाही.